सेलमची सभा

भानुदास खोब्रागडे आपण होऊन नाटक लिहायला बसले नव्हते. त्यांना लिहा म्हणून सांगितलं होतं. पुढे जे काही झालं त्यात ही गोष्ट सगळे विसरले आणि भानुदासांना मात्र तेवढीच विसरता येईना.

जानेवारीत शुभा कारखानीस तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी आल्या होत्या. शुभाताई व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. बाई हसतमुख, कामाला वाघ, आणि कोणालाही कधी ‘नाही’ म्हणायची नाही अशी त्यांची ख्याती.

“काका, यंदा अमेरिकेला अडीचशे वर्षं होतायत,” सोफ्यावर टेकत त्या म्हणाल्या. “जुलैमध्ये मोठा कार्यक्रम करतोय. लेझीम आहे, मुलांचे डान्स आहेत, केक आहे. पण काहीतरी विचार देणारं पण हवं ना. तुम्ही नागपूरला नाटकं केलीत. अर्ध्या तासाची एकांकिका लिहा. इथला इतिहास, पण आपल्या मराठीत.”

भानुदास पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले इंजिनियर. व्हर्जिनियात येऊन त्यांना पस्तीस वर्षं होत आली होती. त्याआधीच्या नागपूरच्या दिवसांत मात्र ते आणि त्यांचे मित्र चौकाचौकांत पथनाट्यं करत. डफ वाजला की माणसं गोळा व्हायची आणि माणसं गोळा झाली की पोलीस यायचे. फौजदार जमावबंदीचा हुकूम वाचून दाखवायचा, तो संपेपर्यंत ही पोरं दोन वाक्यं आणखी म्हणून घ्यायची. इंग्रजांनी करून ठेवलेलं कलम इंग्रज गेल्यावरही कसं ठणठणीत आहे, यावर तेव्हा त्यांचा एक विनोदही होता.

त्यामुळे वाचनालयातल्या पुस्तकात १७७४ सालची हकिगत त्यांच्या हाती लागली तेव्हा त्यांना एखादा जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत गावोगावी लोक सभा भरवून राजाच्या करांबद्दल, कायद्यांबद्दल बोलत. लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला की वर्षाच्या ठरलेल्या निवडणुकीची सभा सोडली, तर गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा भरवायची नाही. म्हणजे जमावबंदीच. बॉस्टनच्या लोकांनी त्यातून पळवाट काढली. नवी सभा बोलवायला बंदी आहे ना, मग जुनी सभा संपवायचीच नाही. ती तहकूब करायची आणि पुन्हा भरवायची. गव्हर्नर डोक्याला हात लावून म्हणाला, अशाने तुम्ही ही एकच सभा दहा वर्षं चालवाल.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या वसाहतीतल्या सेलम गावात तर कमालच झाली. गव्हर्नर स्वतः त्या भागात मुक्कामाला असताना लोकांनी सभेच्या नोटिसा लावल्या. त्याने मनाईचा जाहीरनामा काढला. सभेच्या दिवशी सकाळी त्याने नोटिसा लावणाऱ्या पुढाऱ्यांना बोलावून घेतलं आणि सभा मोडा म्हणून फर्मावलं. ते म्हणाले, आमच्या समजुतीप्रमाणे यात बेकायदा काही नाही. तो म्हणाला, मी इथे कायद्यावर वाद घालायला आलेलो नाही, कायदा चालवायला आलोय. पलटणीतले सैनिक गावाच्या दिशेने निघालेही. पण इकडे हा वाद चालू असतानाच तिकडे लोकांनी आपले प्रतिनिधी निवडून सभा उरकली होती. सैनिकांना मोडायला सभाच उरली नाही, ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

“याच्यात सगळं आहे,” भानुदास बायकोला म्हणाले. “हसू आहे, राग आहे, आणि शेवट आयता आहे.”

कमलाताई चष्मा वर करून म्हणाल्या, “लिहा बाप्पा. पण लांबण लावू नका.”

त्यांनी तीन आठवड्यांत एकांकिका लिहिली. नाव ठेवलं ‘सभा’. गव्हर्नरच्या कामाला यतीन मिळाला. यतीन पुण्याचा, इथे एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळायचा, वर्क व्हिसावर. आवाज खर्जातला आणि चेहऱ्यावर जन्मतःच थोडा वैताग. गव्हर्नरला आणखी काय लागतं. सेलमच्या खानावळवालीचं काम उपासनाने मागून घेतलं. ती नागपूरची, कमलाताईंच्या ओळखीतली, युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती आणि दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला यायची. बाकी गावकरी म्हणून मंडळातली चार-पाच माणसं जमली. फेब्रुवारीपासून सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये तालमी सुरू झाल्या.

पहिला फोन मार्चमध्ये आला.

“काका, तुमचं स्क्रिप्ट वाचलं. काय सुंदर लिहिलंय,” शुभाताई म्हणाल्या. “फक्त नाव थोडं बदलता येईल का? फ्लायरवर नुसतं ‘सभा’ कसंतरी वाटतं ना. लोकांना वाटेल आपणच सभा घेतोय.”

“मग काय ठेवू?”

“‘सेलमची एक सकाळ’? छान वाटतं. आणि सेलम म्हणजे ते चेटकिणींचे खटले झाले तेच गाव ना? ते का नाही घेतलं? मुलांना पण आवडलं असतं.”

भानुदासांनी नाव बदललं. नावात काय आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

एप्रिलमध्ये एकांकिकेतून ‘निषेध’ हा शब्द गेला. त्याच्या जागी ‘नाराजी’ चालेल का, असं शुभाताईंनी विचारलं. भानुदास म्हणाले, “ताई, नाराज होऊन कोणी क्रांती करतं का?” त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, “तेच तर, काका.” मग व्हिडिओ काढायचा नाही असं ठरलं. मग फ्लायरवर कलाकारांची नावं घालायची नाहीत असं ठरलं. मग अर्ध्या तासाचा वेळ पंधरा मिनिटांवर आला आणि तोही जेवणानंतरचा, जेव्हा श्रीखंड-पुरी खाल्लेली माणसं मान टाकून बसतात. दर वेळी शुभाताईंचा सूर तितकाच गोड. दर वेळी ‘कमिटीचं असं म्हणणं पडलं’. कमिटीतलं नेमकं कोण म्हणालं हे काही कळायचं नाही. नागपूरचा फौजदार परवडला, असं भानुदासांना वाटू लागलं. तो निदान समोर उभा राहून कागद वाचायचा.

“त्यांना सरळ विचारा ना, करायचंय का नाही करायचं,” कमलाताई म्हणाल्या.

“विचारलं. म्हणतात, करायचंच आहे काका, प्रश्नच नाही.”

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ते तालमीला गेले तर क्लबहाउसला कुलूप. आत दिवे लागलेले, खुर्च्या मांडलेल्या, पण दाराचं कार्ड चालेना. त्यांनी शुभाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अय्या, बुकिंगमध्ये काहीतरी घोळ झालेला दिसतोय, मी बघते.” एकेक करून गावकरी आले, थोडा वेळ पार्किंगमध्ये उभे राहिले आणि मुलांचे क्लास आहेत म्हणून निघून गेले. उपासना फुटपाथच्या कडेला बसून आपली वाक्यं पुटपुटत होती. यतीन सगळ्यांत शेवटी आला. गाडीतून उतरला नाही. काच खाली करून बसून राहिला.

“ये ना, इथेच उभ्याउभ्या एक प्रवेश करू,” भानुदास म्हणाले. “पार्किंगमध्ये कोण अडवतंय.”

“काका, मला तुमच्याशी बोलायचं होतं.”

भानुदास गाडीपाशी गेले. यतीन स्टिअरिंगकडे बघत बोलत होता.

“ऑगस्टमध्ये मला पुण्याला जायचंय. आईचं ऑपरेशन आहे. परत येताना तिथल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाचं स्टॅम्पिंग करावं लागणार. सध्या काय चाललंय तुम्हाला माहितीये, सोशल मीडिया बघतात, फोन बघतात. मी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, नियम असा काही नाही, पण कशाला.”

“कशाला म्हणजे?”

“म्हणजे, कशाला.”

“अरे, अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती. या देशाच्या शाळांमध्ये शिकवतात. आणि तू तर राजाच्या बाजूचा आहेस, यतीन. सभा मोडणारा तू.”

यतीन हसला नाही. “काका, ऑफिसरसमोर मी हे कुठे सांगत बसू? मराठीत नाटक, त्यात प्रोटेस्ट, त्यात मी. तो ट्रान्सलेट करून बघेल की नुसता शिक्का मारायचा थांबेल? माझा मुलगा इथे शाळेत आहे. घराचा हप्ता चालू आहे.”

“इतकं घाबरून कसं चालेल?” भानुदासांचा आवाज चढला. उपासनाने मान वर करून पाहिलं. “आम्ही तुझ्या वयाचे होतो तेव्हा पोलिसांच्या समोर नाटकं केली. एक रात्र कोठडीत बसलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकात. तुमच्या पिढीला काय झालंय कळत नाही. कोणी नुसतं खाकरलं तरी तुम्ही घरात.”

यतीन शांतपणे म्हणाला, “तुम्हाला कोठडीतून सोडलं तेव्हा तुम्ही तुमच्याच गावात होता, काका. आणि आता तुमचा पासपोर्ट अमेरिकेचा आहे.”

त्याने काच वर केली नाही, तशीच गाडी मागे घेतली, हळूच, भानुदासांच्या पायावर जाऊ नये म्हणून आरशात बघत.

उपासना जवळ येऊन उभी राहिली. “काका, मी करते माझं काम,” ती म्हणाली. “पण माझंही नाव कुठे लिहू नका. मी स्टुडंट व्हिसावर आहे. मला भीती वाटत नाही असं नाही.”

घरी येताना भानुदासांनी दोनदा चुकीचं वळण घेतलं. यतीनचा राग येत होता, आणि तो जे बोलला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडत नव्हतं, याचा त्याहून जास्त.

गव्हर्नरचं काम त्यांनी स्वतःच करायचं ठरवलं. चार दिवस आरशासमोर उभं राहून वाक्यं पाठ केली. पाचव्या दिवशी शुभाताईंचा फोन आला.

“काका, कमिटीचं असं म्हणणं पडलं की सध्या जरा राहू दे. दिवाळीत बघू. आपण कॅन्सल नाही करत हं, फक्त पुढे ढकलतोय.”

“ताई, दिवाळीत अमेरिकेची अडीचशे वर्षं कुठून आणू?”

“तेही खरंच,” त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. “काका, रागावू नका. मागच्या वर्षी आपल्या गणपतीच्या मिरवणुकीचा एक व्हिडिओ कोणीतरी, आपल्यातल्याच कोणीतरी, काहीबाही लिहून इथल्या सरकारी खात्याकडे पाठवला होता. त्यात दिसणाऱ्या एका मुलीचा व्हिसा किती महिने अडकला. त्यामुळेच अडकला असं कोणी सांगितलं नाही. पण त्यामुळे नाही असंही कोणी सांगितलं नाही. तिच्या आईचे मला फोन यायचे. मी काय उत्तर देणार होते?”

भानुदासांना वाद घालायचा होता. वाक्यं तयार होती. पण समोर गव्हर्नर नव्हता, एक दमलेली बाई होती, आणि तिच्याशी भांडून मिळणार काहीच नव्हतं. “ठीक आहे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि टेबलावरचं स्क्रिप्ट उचलून फ्रिजवर फेकलं.

जुलैचा कार्यक्रम झाला. लेझीम झालं. मुलांनी लाल-पांढरे-निळे झगे घालून डान्स केला. केकवर दोन्ही देशांचे झेंडे होते. स्वातंत्र्य या विषयावर एका मुलाने इंग्रजीत भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भानुदास मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. कमलाताईंनी दोनदा कोपर मारलं तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर ते म्हणाले, “मी गॅरेजमध्ये करतो.”

“काय?”

“अभिवाचन. गाड्या बाहेर काढायच्या, खुर्च्या मांडायच्या. माझं घर, माझं गॅरेज. कोणाची परवानगी लागत नाही. फ्लायर नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही. ज्याला यायचं त्याने यावं.”

कमलाताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. “तुम्हाला नाटक वाचायचंय का जिंकायचंय?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही,” भानुदास म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी उकाडा मी म्हणत होता. गॅरेजचं दार वर उचलून ठेवलं होतं, दोन पंखे घोंघावत होते. कोपऱ्यात गवत कापायचं मशीन, खतांच्या पिशव्या, वर टांगलेली सायकल. भानुदासांनी फोन करून सगळ्यांना बोलावलं होतं. निम्म्यांनी ‘नक्की’ म्हटलं होतं, म्हणजे ते येणार नव्हते. तरी माणसं आली. उपासना आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. गावकऱ्यांची कामं करणारे दोघे आले, सहकुटुंब. शुभाताई आल्या, हातात ढोकळ्याचा डबा घेऊन, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना बघून भानुदासांनी नमस्कार केला, पण जरा कोरडाच.

वाचन सुरू झालं. पहिला प्रवेश बरा गेला. पुढाऱ्यांना बोलावून घ्यायचा प्रवेश आला आणि भानुदास रंगात आले. “मी इथे कायद्यावर वाद घालायला आलेलो नाही,” ते गरजले. समोरच्या घरी कुत्रं भुंकू लागलं. एवढ्यात ड्राइव्हवेच्या टोकाशी एक गाडी थांबली. यतीन उतरला, सोबत त्याची बायको रेणू. ते हळूच येऊन मागे, मशीनच्या बाजूला उभे राहिले. भानुदासांनी त्यांना पाहिलं आणि पुढचं वाक्य जास्तच जोरात म्हटलं.

मग उपासनाचं भाषण आलं. खानावळवाली गव्हर्नरच्या माणसाला सांगते की बाबा, लोक माझ्याकडे जेवायला येतात, जेवताना बोलतात, आता त्यांचं बोलणं थांबवायचं तर मी जेवण बंद करू का. उपासनाने ते फार संथपणे वाचलं. शेवटचं वाक्य संपलं.

“आमच्या ऑफिसमध्ये अगदी हेच झालंय,” रेणू एकदम म्हणाली. सगळे मागे वळले. ती ओशाळली, पण थांबली नाही. “म्हणजे कोणी बंदी नाही घातली. पण लंचला आता कोणी काही बोलतच नाही. आम्ही सगळे हवामानावर बोलतो.”

एकजण हसला. उपासनाची मैत्रीण म्हणाली, “मी तर सगळे जुने फोटोच डिलीट केले. कॉलेजच्या मोर्चाचे. माझेच फोटो, आणि चोरी केल्यासारखे लपवले.”

“पुढचा प्रवेश घेऊ या,” भानुदास म्हणाले.

पण गावकऱ्याचं काम करणारे देशकर आता बोलत होते. त्यांची मुलगी लहानपणापासून इथे आहे, पुढच्या वर्षी एकवीसची होईल, मग तिला त्यांच्या व्हिसावर राहता येणार नाही. ग्रीन कार्डची रांग काही सरकत नाही. ही गोष्ट मंडळात कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या बायकोने खाली मान घातली. शुभाताईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“ऐका, आपण वाचन पूर्ण करू, मग चहाला बोलू,” भानुदास जरा मोठ्याने म्हणाले. “शेवटचा प्रवेश महत्त्वाचा आहे. सैनिक येतात तो.”

कोणी ऐकलं नाही. यतीन पुढे आला होता. त्याने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलल्याचं सांगितलं, कारण गेलो आणि अडकलो तर काय, आणि न गेलो आणि आईला काही झालं तर काय, हे त्याला कळत नव्हतं. ते तो कोणा एकाला सांगत नव्हता, खालच्या सिमेंटकडे बघून बोलत होता. “रात्री झोपच लागत नाही, यार,” असं म्हणून तो थांबला. कोणीतरी त्याला पाणी दिलं.

“अहो, एक मिनिट,” भानुदासांनी हातातल्या कागदांनी टेबलावर थाप मारली. “शांत व्हा. सगळ्यांनी आधी जागेवर बसा. हे असं मध्येच बोलायचं नाही. मी परत सुरू करतो.”

कमलाताई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हाताला धरून त्यांना खाली खुर्चीवर बसवलं, लहान मुलाला बसवतात तसं, आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “बोलू द्या त्यांना.”

भानुदास बसले. मांडीवर स्क्रिप्ट, त्यातली शेवटची पानं न वाचलेली. घामाने कागद ओले झाले होते. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. समोर माणसं एकमेकांकडे तोंड करून बसली होती, खुर्च्यांची रांग मोडून गोल झाला होता, आणि त्या गोलाची पाठ त्यांच्याकडे होती. देशकरांना कोणी वकिलाचं नाव सांगत होतं. रेणू आणि उपासना हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या आणि मध्येच हसत होत्या. यतीनला शुभाताई म्हणत होत्या, माझी बहीण कोथरूडला असते, ती हॉस्पिटलमध्ये जाऊन बसेल, तू एकटा आहेस असं समजू नकोस.

ऊन कललं. ढोकळा संपला, दोनदा चहा झाला. निघताना सगळे भानुदासांच्या पाया पडले किंवा हात हातात घेऊन म्हणाले, “काका, फार छान झालं.” निम्मं नाटकसुद्धा ऐकलं नाही आणि छान झालं म्हणतात, हे त्यांना काही केल्या पचेना. यतीन समोर येऊन उभा राहिला. भानुदासांना त्याला त्या दिवसाबद्दल काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडून निघालं ते असं:

“खर्ज तुझाच चांगला. माझा आवाज फाटतो.”

“जाणवलं,” यतीन म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

शुभाताई सगळ्यांत शेवटी निघाल्या. रिकामा डबा पिशवीत घालत त्यांनी विचारलं, “काका, पुढच्या शनिवारी मी आणखी दोघींना घेऊन येऊ का? त्यांना पण बरं वाटेल. आणि नाटक नाही वाचलं तरी चालेल, नुसतं बसू.”

“नाटक नाही वाचलं तरी म्हणजे?” भानुदास म्हणाले.

“या तुम्ही,” कमलाताई आतून म्हणाल्या. “चार वाजता या, ऊन कमी होतं.”

भानुदास खुर्च्या मिटू लागले. दोन-तीन मिटल्यावर थांबले, गोलाकडे पाहिलं, आणि उरलेल्या तशाच राहू दिल्या. गाड्या आता रात्रभर बाहेरच राहणार होत्या, आणि त्याचाही त्यांना थोडा रागच आला.